प्रबंधाचा विषय कोण?

जयपुरात टोंक रोडवरून गोपालपुरा बायपासला वळावे आणि त्रिवेणीनगर, रिद्धि-सिद्धि असे करीत गुर्जर की थडीपर्यंत जावे. वाटेत आकाश थोडे आणि पाट्या फार. (‘थडी’ हा शब्द आम्हां मराठी माणसांस प्रथम चकवतो. आपली थडी नदीची. येथली चहाच्या टपरीची. पाणी नाही, पण तहानलेले लोक भोवती जमतात, एवढे साम्य खरे.) राज्यसेवा, पटवारी, शिक्षकभरती, पोलिस उपनिरीक्षक, बँक, रेल्वे, ज्या ज्या खुर्चीवर सरकार माणूस बसवते, तिच्याकडे जाणारा मार्ग याच रस्त्यावरून निघतो असे त्या पाट्या सांगतात. गल्ल्यांतून ‘लायब्ररी’ नावाच्या खोल्या आहेत. तेथे पुस्तके नसतात. महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची, एक दिवा आणि शांतता मिळते. शेखावाटीतून, मारवाडातून, दौसा-करौलीकडून आलेली मुले पहाटेपासून तेथे बसलेली असतात. या गर्दीत एक पाटी अलीकडे आमच्या नजरेस वरचेवर पडू लागली आहे : समाजकार्य या विषयाची ‘नेट’ परीक्षा, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत पीएच.डी.च्या प्रवेशाचे मार्गदर्शन.

ही पाटी पाहून हसणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळू लागले. खुर्ची भाड्याने घेऊन अभ्यास करणाऱ्या मुलाच्या घरी ही रक्कम लहान नव्हे. २०२४ पासून ‘नेट’चे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासही धरण्यात येऊ लागले, त्यामुळे एका परीक्षेने दोन दरवाजे उघडतात. पोटासाठी विद्या मिळवणे हे पाप असेल, तर हे मासिक वाचणाऱ्या आम्हां साऱ्या नोकरदारांस आधी प्रायश्चित्त घ्यावे लागेल; सातारा-नाशिक-नागपूर सोडून या वाळूच्या मुलखात आम्ही काही तीर्थयात्रेस आलेलो नाही. दुकानदारीचा भाग आहे, तो निराळा. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातील तीन खाजगी विद्यापीठांस पुढील पाच वर्षे पीएच.डी.चे प्रवेश देण्यास मनाई केली, यावरून तिचा आवाका कळावा. परंतु तिच्यावर फार लिहिण्याजोगे काही नाही. विकत घेतलेल्या पदवीत नैतिक प्रश्न शिल्लकच राहत नाही. तेथे केवळ गुन्हा असतो. प्रश्न उद्भवतो तो प्रामाणिक प्रबंधात, आणि तो आमच्यापुढे आणला आमच्या एका स्नेह्याने.

हे गृहस्थ आमच्यासारखेच परमुलखातले अधिकारी, निवृत्तीस पाच-सहा वर्षे उरलेली. राजस्थान शासनाची एकल स्त्रियांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आहे. विधवा, परित्यक्ता आणि घटस्फोटित स्त्रियांस तिचा लाभ मिळतो. त्या योजनेचे अर्ज आणि वार्षिक पडताळणीचे तंटे ज्या मेजांवरून जातात, त्यांपैकी एक मेज आमच्या स्नेह्यांचे. २०२२ च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ची वाट मोकळी केली आहे. कचेरीचे ना-हरकत पत्र तेवढे लागते. तेव्हा त्यांनी समाजकार्यात विद्यावाचस्पती होण्याचे ठरवले आणि विषय घेतला ‘एकल स्त्रियांचे जीवन व निवृत्तिवेतनाचा परिणाम’. “नमुना शोधायला कुठे जायला नको,” ते आम्हांस मोठ्या उत्साहाने म्हणाले, “बायका आपण होऊन दारात येतात.” या एका वाक्याने आमच्या मनात जे सुरू झाले, ते येथे मांडीत आहो.

त्याआधी एका जुन्या आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे, कारण आपल्या मंडळींत तो फार बोलला जातो : समाजकार्यास पदवी कशाला हवी? गाडगेमहाराजांनी कोणत्या विद्यापीठाची परीक्षा दिली होती? अक्षरांशी ज्यांचा संबंध नाही अशा त्या पुरुषाने पंढरपूर-नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या आणि हातातल्या खराट्याने जे शिकवले ते अद्याप कोणास पुरते शिकता आलेले नाही. अण्णासाहेब कर्वे गणिताचे प्राध्यापक. समाजकार्याची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, कारण ती या देशात निघालीच नव्हती. आज पुण्यात १९६३ पासून त्यांच्या नावाची समाजसेवा संस्था आहे आणि ती त्याच विषयाच्या पदव्या देते. अण्णासाहेब तेथे अध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करते, तर तो छाननीतच बाजूला पडता. हा विनोद आम्हांसही आवडतो. पण विनोदाने आक्षेप सिद्ध होत नाही.

सद्भावना ही फार मोठी वस्तू आहे, तथापि ती हिशेब करीत नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या आरंभीच्या काळात शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला ४ रुपये धरली होती. ती धरणाऱ्यांच्या मनात दुष्टावा होता असे कोणी म्हणणार नाही. त्या समितीवर हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांच्यासारखे सज्जन होते. डॉ. अभय बंग या तरुण वैद्याने त्या आकड्यामागचा हिशेब काढला. दिवसभर खणणाऱ्या माणसास किती उष्मांक लागतात, त्याच्या घरात खाणारी तोंडे किती, हे मोजल्यावर ४ रुपयांचा आकडा कोसळला आणि १२ रुपयांची मागणी शास्त्राच्या आधारावर उभी राहिली. त्यांचे हे काम समाजकार्याच्या पदवीसाठी नव्हते, पण समाजकार्यातील संशोधन म्हणतात ते याहून निराळे असू नये. मजुरांसाठी डोळ्यांत पाणी आणणारे पुष्कळ होते. त्यांच्या भाकरीचे वजन करणारा कोणी तरी हवा होता.

अभ्यासाच्या शिस्तीत आणखीही एक गोष्ट असते. अण्णासाहेबांच्या सूनबाई इरावतीबाई १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. तेथे त्यांना मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमतेवर काम मिळाले. वंशावंशांतला भेद त्या विषमतेत दिसेल ही मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा भेद आढळत नाही असे लिहिले. परदेशात, परभाषेत, ज्याच्या सहीवर आपली पदवी अवलंबून आहे त्याच्या मताविरुद्ध मापे लिहून ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. पुढच्या काही वर्षांत त्या देशात वंशाच्या नावाने काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. पदवीचा अभ्यास माणसाला हे शिकवीत असेल, तर समाजकार्यासही तो हवा, आणि अधिकच हवा.

समाजकार्याला ‘डॉक्टर’ या शब्दाची ओढ कशी लागली, हीही एक गंमतीची कथा आहे. १९१५ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे धर्मादाय कार्यकर्त्यांच्या परिषदेत अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने सर्वांसमक्ष सांगितले की समाजकार्य हा अद्याप खऱ्या अर्थाने व्यवसाय झालेला नाही. वैद्यकाच्या शाळांची झाडाझडती घेणारा हा गृहस्थ, त्यामुळे घाव वर्मी लागला. दोनच वर्षांनी मेरी रिचमंड बाईंचा जाडजूड ग्रंथ निघाला आणि त्याच्या नावातच ‘निदान’ होते : सामाजिक निदान. वैद्याकडून शब्द उसना घेतला, मग अभ्यासक्रम, मग पदवी, आणि शेवटी नावामागचे ‘डॉ.’ आपल्याकडे १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पहिली शाळा निघाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने ती नागपाड्यात, कामगारांच्या वस्तीला लागून चालवलेल्या आपल्या शेजारघरात सुरू केली. वर्गाची खिडकी उघडली की अभ्यासाचा विषय दिसत असे. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले, १९५४ मध्ये ती देवनारच्या हिरव्या आवारात गेली, १९६४ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. खिडकी बंद झाली असे आम्ही म्हणणार नाही. देवनारच्या शेजारीच गोवंडीच्या वस्त्या आहेत, आणि आपल्या अमृतमहोत्सवी वर्षात, २०११ मध्ये, संस्थेने त्याच प्रभागाचे काम हाती घेतले. पण मधल्या काळात प्रश्नावली नावाची वस्तू जन्मास आली होती, आणि ती हाती घेऊन येणारा पाहुणा गरीब वस्त्यांच्या ओळखीचा झाला होता.

आता आमच्या स्नेह्यांच्या मेजाकडे येतो.

त्यांची प्रश्नावली आम्ही पाहिली. प्रश्न सत्तरांहून अधिक होते. नवरा केव्हा गेला, कशाने गेला, सासरच्यांनी ठेवले की हाकलले, जमिनीत नाव आहे काय, रात्री झोप लागते काय. प्रत्येक प्रश्न मार्गदर्शकांनी तपासलेला, व्याकरणाने निर्दोष. सुरुवातीला संमतिपत्र : मी ही माहिती स्वखुशीने देत आहे, मला केव्हाही नकार देण्याची मुभा आहे, खाली सही अथवा अंगठा. आता कल्पना करा, पडताळणी अडकली म्हणून चार महिन्यांचे पैसे थांबलेली बाई ई-मित्राच्या दुकानातून परतवली जाऊन शेवटी साहेबांच्या मेजापुढे उभी आहे. साहेब कागद पाहतात, काम होईल म्हणतात, आणि मग सौजन्याने विचारतात की बाई, तुम्हांला वेळ असेल तर काही प्रश्न विचारू का. तिने काय म्हणावे? तिच्या कामाचा कागद अजून त्याच मेजावर आहे. ज्याला ‘नाही’ म्हणणे परवडत नाही, त्याचा ‘हो’ हा होकार असतो काय?

स्नेही म्हणाले, आपण कोणावर सक्ती करीत नाही. हे खरे आहे आणि ते सक्ती करणारे गृहस्थही नाहीत. परंतु अधिकाराचा गुण असा की तो वापरावा लागत नाही. तो नुसता खोलीत असला तरी पुरतो. आम्ही सर्वांनी बदलीच्या गावी हे अनुभवले आहे : भाजीवाला आपल्याला निवडून भाजी देतो, आणि आपल्याला वाटते की तो स्वभावाने चांगला आहे.

याचा परिणाम त्यांच्या पहिल्याच चाचणीत दिसला, आणि तो त्यांनीच प्रांजळपणे आम्हांस सांगितला. ज्या थोड्या बायकांस त्यांनी विचारून पाहिले, त्या साऱ्याच निवृत्तिवेतनाच्या व्यवस्थेविषयी समाधानी निघाल्या. एकीचीही तक्रार नाही. चार महिने पैसे थांबलेलीचीही नाही! एक वृद्ध बाई तर तिसऱ्याच प्रश्नास म्हणाली, “साब, जो ठीक लागै सो लिख ल्यो.” तुम्हांला बरे वाटेल ते लिहून घ्या. आमच्या मते त्या सबंध चाचणीत मिळालेले हे एकच खरे उत्तर होते, आणि त्यासाठी प्रश्नावलीत रकाना नव्हता.

म्हणून संमतीचा प्रश्न हा प्रबंधाच्या आरंभी लावायचा शिष्टाचाराचा टिळा आहे असे जे समजले जाते, ते आम्हांस मान्य नाही. खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्याची परवानगी घेतली नाही तरी तारा खोटे बोलत नाही. माणूस बोलतो, भीतीने, आशेने, आणि पुष्कळदा निव्वळ पाहुणचाराने. समाजकार्याच्या विषयात समोरच्याची मोकळीक हीच ज्ञानाची अट आहे. ती नसेल, तर जे हाती येते ते अनैतिक असते म्हणून सोडून द्यावे असे नाही. ते मुळात चुकीचेच असते. येथे नीती आणि शास्त्र यांचे भांडण नाही, दोघे एकाच दारातून आत येतात किंवा दोघेही बाहेर राहतात.

मोकळीक काढून घेतली की शास्त्र कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील टस्कीगी गावचे. १९३२ पासून १९७२ पर्यंत, चाळीस वर्षे, तेथील सार्वजनिक आरोग्यखात्याने उपदंश झालेल्या ३९९ गरीब काळ्या पुरुषांची नुसती पाहणी केली. पेनिसिलिनचा उपाय मधल्या काळात सर्वज्ञात झाला, पण त्यांना तो दिला नाही, कारण दिला असता तर अभ्यास संपला असता. त्या प्रकरणानंतर जी चौकशी झाली तिच्यातून १९७९ चा बेलमाँट अहवाल निघाला, आणि आज आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नावलीवर जे संमतिपत्र आहे ते त्याच वंशातले. इतक्या दुःखातून जन्मलेला कागद अंगठ्यापुरता उरावा, हे वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट आम्हां मराठी माणसांस विशेष जाणवते. येथल्या बायका ढूंढाडी बोलतात. प्रश्न इंग्रजीत रचलेला, हिंदीत विचारलेला, ढूंढाडीत ऐकलेला. आणि उत्तर त्याच पायऱ्या उलट चढून इंग्रजी प्रबंधात जाणार. “जी कोनी लागै” असे ती सांगते. आपल्या मायबोलीत जीव लागत नाही, जीव रमत नाही म्हणतात, तेच हे. म्हणून ते ऐकताच आम्हांस कळते, आणि हिंदीत सांगायला गेलो की निम्मे सांडते. प्रबंधात त्याचे होते ‘नैराश्य : मध्यम’. रकाना भरला, आणि जीव राहिला बाहेर. २००९ च्या नियमांपासून प्रबंध संगणकावर जमा होऊ लागले, ‘शोधगंगा’ या भांडारात ते कोणासही पाहता येतात. सोय मोठी आहे. पण जिच्या झोपेविषयी तेथे कोष्टक आहे, तिला त्या गंगेचा घाट कोठे आहे हे ठाऊक नाही, आणि ठाऊक झाले तरी ते पाणी तिच्या भाषेत वाहत नाही.

डॉ. बंग यांचेच दुसरे उदाहरण येथे आठवते. गडचिरोलीत आरंभी त्यांनी आदिवासींतील सिकलसेल या रक्तविकाराची पाहणी केली. आजार सापडला, संशोधकांच्या जगाला तो महत्त्वाचा वाटला. लोकांस मात्र त्यात गोडी दिसेना. कारण तो प्रश्न लोकांनी विचारलेलाच नव्हता, हे पुढे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. मग त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी लोकांस विचारून विषय घेतले. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, हा त्यांचा निबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाचे लक्ष गेले. विषय निवडण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न विद्यापीठाच्या अर्जात नसतो; पण उरलेले पुष्कळसे त्याच्यावर अवलंबून असते.

येथपर्यंत आलो, तेव्हा आमच्या मनात एक वेगळेच नाव उभे राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२७ च्या मार्चमध्ये ते महाडच्या तळ्यावर होते, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांस पीएच.डी. दिली. प्रबंधाचा विषय काय होता? ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची वाढ. लंडनच्या पदवीचा विषय रुपया. जातीवर त्यांनी विद्यार्थिदशेतच, १९१६ मध्ये, निबंध वाचला होता. दुःख त्यांना कोणाकडून समजून घ्यावयाचे नव्हते. तरी आपल्या माणसांच्या दैन्याची कोष्टके करून त्यांनी पदवी घेतली नाही. राज्यकर्त्यांची तिजोरी उघडली, ती कशी भरते आणि कोणाकडे रिकामी होते हे तपासले. नजर खालून वर गेली. समाजकार्याच्या प्रबंधांच्या याद्या चाळाव्यात. विधवा, वेठबिगार, भंगार वेचणारी मुले, घरकाम करणाऱ्या बायका. सारे खालचे. ज्या मेजांवर त्यांचे कागद थांबतात त्या मेजांवर प्रबंध शोधू गेले तर फार थोडे. गरिबाची मुलाखत मिळते, म्हणून गरीब हा विषय होतो. साहेबाची मिळत नाही, म्हणून तो विषयच नव्हे असे ठरते. यात शास्त्र काही नाही, केवळ दार कोणाचे उघडे असते एवढेच आहे.

या राजस्थानात तर वरच्या दिशेने पाहण्याची एक परंपराच निर्माण झालेली आहे, आणि ती विद्यापीठाबाहेर झाली. अजमेर जिल्ह्यात किशनगडजवळ तिलोनिया गाव आहे. १९७२ मध्ये तेथे निघालेल्या संस्थेचे नावच ‘समाजकार्य व संशोधन केंद्र’. आणि गंमत अशी की पदवीचा कागद तेथे कोणी विचारीत नाही. त्याच भागात बांदरसिंदरीला केंद्रीय विद्यापीठ आहे, तेथे समाजकार्याचा रीतसर विभाग आहे. दोन्ही एकमेकांच्या जवळ असावीत हे आम्हांस बरे वाटते. तिलोनियात येण्यासाठी अरुणा रॉय यांनी सनदी नोकरी सोडली, आणि पुढे १९९० मध्ये भीमच्या परिसरात मजूर किसान शक्ती संघटनेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना गावी पहिली जनसुनवाई झाली. सरकारी कामाचे हजेरीपट आणि बिले गावापुढे मोठ्याने वाचण्यात आली, आणि ज्यांची नावे कागदावर होती तीच माणसे समोर बसून सांगू लागली की आपण त्या कामावर कधी गेलोच नाही. माहितीचा कायदा तेव्हा नव्हता. राजस्थानात तो २००० मध्ये आणि साऱ्या देशात २००५ मध्ये झाला. विद्यावाचस्पतीच्या मौखिक परीक्षेस दोन परीक्षक असतात. कोट किराण्यास गाव परीक्षक होते. विषय आणि परीक्षक एकच, आणि अभ्यासला गेला तो कागद, माणूस नव्हे.

एवढे मनात घेऊन आम्ही स्नेह्यांस सुचवले की विषय फिरवा. बायकांचे जीवन त्यांच्यापाशी राहू द्या. आपली कचेरी घ्या. अर्ज आल्यापासून पहिले पैसे खात्यात पडेपर्यंत किती दिवस लागतात, कोणत्या मेजावर किती, कोणत्या शेऱ्याने तो परत जातो, आणि परत गेलेल्यांपैकी किती पुन्हा येतच नाहीत. २०१६ मध्ये या राज्यात कित्येक वृद्धांची निवृत्तिवेतने ते मृत असल्याच्या नोंदीने थांबली होती आणि माणसे जिवंत होती, हे वर्तमानपत्रांत येऊन गेले. ती नोंद कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या हातून, कोणत्या घाईत पडते? असा प्रबंध लिहिणारास बायकांच्या दुःखाविषयी एक प्रश्न विचारावा लागणार नाही, आणि त्यांच्या उपयोगी पडेल असे बरेच त्याच्या हाती लागेल.

त्यांचा चेहरा उतरला. पहिल्या विषयास कचेरीने आठ दिवसांत ना-हरकत दिली होती. या विषयाची टिपणी वर पाठवली तर ती कोणत्या मेजावर किती दिवस राहील हाच एक अभ्यास होईल, असे ते हसून म्हणाले. हसणे ओढूनताणून होते. आचरण नियमांत शासनावर टीका करण्यास मनाई आहे हे आपणां सर्वांस पाठ आहे. कोष्टक ही टीका होते काय? साठ दिवस हा आकडा निर्विकार आहे. पण तो ज्याच्या मेजाचा आहे त्याला तो तसा वाटणार नाही, आणि आपल्या पुढच्या गोपनीय अहवालावर सही करणारासही वाटणार नाही. त्यांची भीती खोटी होती असे आम्हांस म्हणवत नाही. निवृत्तीस पाच वर्षे उरलेली, मुलीचे शिक्षण चालू, बदलीची टांगती तलवार. नोकरीत असताना नजर वर नेणे म्हणजे काय, हे नोकरीत नसलेल्याने सांगू नये. अरुणाबाईंनी ती नजर वर नेण्याआधी राजीनामा दिला होता, याचाही अर्थ आहे.

आणि मग त्यांनी एक मुद्दा काढला, जो आमच्या ध्यानात आला नव्हता. त्यांच्या हाताखालचे कारकून. कचेरीचा अभ्यास म्हणजे त्या लोकांच्या नोंदवह्यांचा अभ्यास. साहेबांनी विचारले तर ते तरी ‘नाही’ कसे म्हणणार? विधवा बाईच्या बाबतीत जे आम्ही म्हटले ते सारे कारकुनासही लागू आहे. त्याचा होकारही तितकाच लंगडा. मुद्दा बिनतोड होता. अधिकाराची शिडी अशी की आपण कोठेही उभे राहिलो तरी खाली कोणी तरी असतोच, आणि अभ्यासाचा मोह त्याच दिशेला होतो, कारण तेथे परवानगी लागत नाही.

त्या दिवशी चर्चा तेथेच राहिली. पुढे महिन्याभराने ते भेटले, तेव्हा विद्यापीठास त्यांनी काही कळवले नव्हते. नाव नोंदवलेले आहे, आणि नियमाप्रमाणे सहा वर्षांची मुदत चालू आहे. परंतु त्यांनी एक साधी वही घातली आहे. तिच्यात बायकांचीही नावे नाहीत आणि कारकुनांचीही नाहीत. डाव्या रकान्यात अर्ज त्यांच्या स्वतःच्या मेजावर आल्याची तारीख, उजव्या रकान्यात त्यांच्या स्वतःच्या सहीची. या दोन तारखांसाठी दुसऱ्या कोणाची संमती लागत नाही, असे ते म्हणाले. मागील दोन वर्षांच्या फायली ते रोज कचेरी सुटल्यावर अर्धा तास थांबून पाहतात. आम्ही विचारले, अंतर साधारण किती निघते? त्यांनी वही मिटली, बॅगेत ठेवली, आणि चहा सांगितला.